संग्रहालयातलं नव्याने बांधलेलं व्हायकिंग जहाज: त्यावर विश्वास किती ठेवायचा आणि ते बघायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा होता. मुलगी कोपनहेगनला असते म्हणून आई-वडील डेन्मार्कला गेले आणि जवळच्या रोस्किल्डचं व्हायकिंग जहाज संग्रहालय बघून आले. आत दालनात काळपट लाकडाचे तुकडे धातूच्या सांगाड्यावर मांडलेले आणि बाहेर धक्क्याला ३० मीटर लांबीचं, डौलदार, पूर्ण जहाज. परत आल्यावर घरात वाद सुरू झाला. बाहेरचं ते नवीन बांधलेलं, म्हणजे नक्कलच. मग सगळे फोटो त्याचेच का काढतात? आणि डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाने तेच जहाज जवळजवळ वर्षभर आपल्या अंगणात का मांडलं होतं? संग्रहालयात अस्सल वस्तू असायला हवी ना?

मी पाण्यात सापडलेल्या लाकडाच्या जतनाचं काम बरीच वर्षं करते. माझं रोजचं काम अस्सल लाकडाशी, त्यामुळे माझा कल आतल्या काळ्या तुकड्यांकडे असणार असं तुम्हाला वाटेल. पण त्या तुकड्यांना काही प्रश्न विचारताच येत नाहीत. हे जहाज उलट्या वाऱ्यात किती सरकायचं? लाट आली की त्याचं अंग किती वाकायचं? साठ माणसं त्यात झोपायची कुठे? ते बांधायला किती झाडं आणि किती हात लागले? जवळजवळ ९०० वर्षं पाण्याखाली राहिलेलं आणि आता मेणासारख्या रसायनावर उभं असलेलं लाकूड यातलं काहीच सांगू शकत नाही. ही उत्तरं फक्त बाहेरच्या जहाजाकडे आहेत. अट एकच, ते बांधणाऱ्यांनी प्रामाणिकपणे बांधलेलं असलं पाहिजे. ही अट प्रत्येक प्रतिकृती पाळत नाही, म्हणून उत्तर जरा लांब होणार आहे.

आधी मूळ जहाजाचं बोलू. रोस्किल्ड एका लांबट, उथळ खाडीच्या टोकाला आहे. अकराव्या शतकात ते डेन्मार्कमधलं फार महत्त्वाचं गाव होतं आणि समुद्रातून येणाऱ्या शत्रूला थोपवणं गरजेचं होतं. गावापासून साधारण २० किलोमीटर उत्तरेला, स्कुल्डेलेव्हजवळच्या एका अरुंद खोलगट वाटेत, १०७० च्या सुमारास जुनी जहाजं दगडांनी भरून बुडवली आणि वाट बंद केली. तिथे काहीतरी बुडालेलं आहे हे कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. ते मध्ययुगातल्या मार्ग्रेट राणीचं जहाज आहे अशी दंतकथा होती, म्हणजे ते खऱ्यापेक्षा तीनेकशे वर्षांनी अलीकडचं मानलं जायचं. १९५० च्या दशकाच्या शेवटी बुडी मारणाऱ्या माणसांनी पाहणी केली आणि लक्षात आलं की प्रकरण व्हायकिंग काळातलं, म्हणजे साधारण आठव्या ते अकराव्या शतकातलं आहे. मग १९६२ मध्ये त्या जागेभोवती पोलादी पत्र्यांची भिंत उभारली, आतलं पाणी उपसलं आणि चार महिन्यांत ओलाफ ओल्सेन व ओले क्रुमलिन-पेडरसेन यांच्या चमूने हजारो तुकडे बाहेर काढले. उन्हावाऱ्याने लाकूड सुकून फाटू नये म्हणून खोदकाम चालू असताना त्यावर सतत पाणी फवारावं लागत होतं.

सुरुवातीला सहा जहाजं आहेत असं वाटलं आणि तसे क्रमांकही दिले. नंतर कळलं की २ आणि ४ हे एकाच अवाढव्य जहाजाचे भाग आहेत. म्हणून आजही तिथे १, २, ३, ५ आणि ६ अशी पाच जहाजं आहेत. पाटीवर चौथा क्रमांक दिसत नाही म्हणून बरेच लोक गोंधळतात.

तुम्ही बाहेर पाहिलेलं जहाज या दुसऱ्या क्रमांकाच्या जहाजावरून बांधलेलं आहे. लांबी जवळपास ३० मीटर, रुंदी फक्त ३.८ मीटर. एसटीच्या अडीच बसगाड्या एकामागे एक लावल्यावर होईल तेवढं लांब, आणि पाण्यात बुडणारा भाग जेमतेम एक मीटर. साठ वल्ही. हे लढाईचं जहाज होतं, माल वाहण्याचं नव्हे. लाकडातल्या वार्षिक वलयांच्या रुंदीचा क्रम तपासला तेव्हा तो डेन्मार्कच्या ओकशी जुळेना, तो जुळला आयर्लंडमधल्या डब्लिन परिसरातल्या ओकशी. झाडं १०४२ मध्ये तोडलेली. त्या काळी डब्लिन हे व्हायकिंगांनी वसवलेलं, त्यांच्या राजांचं बंदर होतं. म्हणजे आयर्लंडमध्ये बांधलेलं जहाज तीन दशकांनी डेन्मार्कच्या एका खाडीत दगड भरून बुडवलं गेलं. प्रतिकृतीचं नाव ‘ग्लेन्डालोचा समुद्री घोडा’ असं आहे ते यामुळेच. ग्लेन्डालो हे डब्लिनच्या दक्षिणेला विकलोच्या डोंगरातलं खोरं आहे.

आता महत्त्वाचा आकडा: त्या मूळ जहाजाचा साधारण चौथा हिस्साच शिल्लक आहे. बाकीचं कुजलं, वाहून गेलं. मग पूर्ण जहाज कशावरून बांधलं?

प्रत्येक तुकड्याचं आधी पारदर्शक प्लॅस्टिकवर पूर्ण मापात रेखाटन झालं. त्यात कडा, खिळ्यांची भोकं, हत्याराच्या खुणा, लाकडाच्या तंतूंची दिशा असं सगळं उतरवलं. ही रेखाटनं एक दशांश मापात आणून जाड कागदावर कापली आणि खिळ्यांची भोकं एकमेकांवर येतील अशा रीतीने जोडली. फळीला वाकायचं तसंच ती वाकते. भोकं जुळली की कागदी फळ्याही आपोआप जहाजाच्या पोटाचा आकार घेतात. जिथे तुकडेच नाहीत तिथे त्याच काळातल्या इतर जहाजांचा आधार घेतला. हा भाग अंदाजाचा आहे आणि संग्रहालय ते लपवत नाही. वरच्या फळ्या, डोलकाठीची उंची, शिडाचा आकार, दोरांची मांडणी यांत तर्काचा वाटा मोठा आहे. ११२ चौरस मीटरचं शीड तुम्ही पाहिलंत, ते जमिनीत सापडलेलं नाही. ते डोलकाठीच्या पायाची जागा, दोर बांधायच्या जागा आणि जहाजाचं वजन यांवरून काढलेलं अनुमान आहे.

बांधणीकडे मात्र नीट थांबून बघा, कारण खरी विद्या तिथे आहे. २००० ते २००४ अशी चार वर्षं हे काम चाललं. मूळ फळ्यांवर करवतीची एकही खूण नव्हती, सगळ्या कुऱ्हाडीच्या होत्या. म्हणून प्रतिकृतीसाठीही करवत वापरली नाही. सरळ वाढलेला, गाठी नसलेला, बुंध्याशी साधारण मीटरभर व्यासाचा ओक निवडायचा, पाचरी ठोकून तो उभा फोडायचा, त्याचे दोन, मग चार, मग आठ, मग सोळा भाग करायचे. केकच्या फाकीसारखा प्रत्येक भाग कुऱ्हाडीने तासून त्याची फळी काढायची. अशी सुमारे ३०० झाडं लागली. आजच्या युरोपात एवढे जुने, सरळ ओक मिळवणं हेच मोठं काम होऊन बसतं. एका राजाच्या एका जहाजामागे किती जंगल उभं असायचं, ते इथे कळतं.

फोडण्याचा एवढा आग्रह कशासाठी? करवत तंतूंना कापत सरळ रेषेत जाते. पाचर तंतूंच्या मधून वाट काढते, त्यामुळे फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तंतू अखंड राहतात. अशी फळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास जाड असली तरी वाकते, मोडत नाही. शिवाय झाडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत लाकूड सुकताना कमी आकसतं, जवळजवळ निम्म्याने कमी. केकच्या फाकीसारखी काढलेली फळी नेमकी त्या दिशेत रुंद असते, म्हणून ती सुकताना वाटीसारखी वळत नाही. हे कारागीर ताजं, ओलं लाकूड वापरू शकायचे ते याच बळावर. माझ्या धंद्यात लाकूड आकसण्याची भीती चोवीस तास मानेवर असते, म्हणून हा उपाय बघितला की त्या अनामिक सुतारांपुढे हात जोडावेसे वाटतात.

फळ्या एकमेकींवर थोड्या चढवून बसवलेल्या असतात, कौलांसारख्या. चढलेल्या पट्टीत डांबरात बुडवलेली लोकर किंवा केस भरायचे, बाहेरून लोखंडी खिळा मारायचा, आतून त्याच्या टोकावर चौकोनी चकती घालायची, जादा टोक कापायचं आणि उरलेलं चकतीवर ठोकून पसरवायचं. असे सुमारे ७ हजार खिळे या जहाजात आहेत. आणि क्रमही आपल्या अपेक्षेच्या उलट: आधी कण्यावर फळ्यांचं कवच उभं राहतं आणि आतल्या आडव्या फासळ्या नंतर त्या कवचाच्या मापाने बसतात. आकार ठरतो तो सुताराच्या नजरेने आणि फळ्यांच्या कोनाने. फासळ्यांसाठी मुळातच वाकडं वाढलेलं लाकूड निवडतात, म्हणजे तंतू वळणाबरोबर वळतात. कोकणातले होड्या बांधणारे सुतारही रानात फिरून अशीच बाकदार खोडं हेरतात. त्यांच्यापैकी कुणी रोस्किल्डच्या कार्यशाळेत गेलं तर पाच मिनिटांत गप्पा सुरू होतील, भाषा येवो न येवो.

सप्टेंबर २००४ मध्ये डेन्मार्कच्या तेव्हाच्या राणी मार्ग्रेट यांच्या हस्ते जहाज पाण्यात उतरलं. मग खाडीत सराव, दुरुस्त्या, पुन्हा सराव. १ जुलै २००७ ला साठेक स्वयंसेवक स्त्री-पुरुषांना घेऊन ते रोस्किल्डहून निघालं आणि नॉर्वेचा किनारा, ऑर्कनी बेटं, स्कॉटलंडचा पश्चिम किनारा असं करत १४ ऑगस्टला डब्लिनला पोहोचलं. इंजिन नव्हतं. सोबत आधुनिक मदतनौका होती, जहाजावर संपर्काची आणि सुरक्षेची साधनं होती. उत्तर समुद्रात वारा पडला तेव्हा काही अंतर मदतनौकेने ओढूनही नेलं. काही लोक यावरून नाक मुरडतात. मला ती नोंद फार मोलाची वाटते. व्हायकिंगांना कुणी ओढणारं नव्हतं, ते बंदरात वाऱ्याची वाट बघत आठवडे काढत असणार. मोहिमेला मात्र वेळापत्रक होतं. म्हणजे इतिहासातल्या त्या सफरींचे दिवस मोजताना वाट बघण्याचे दिवसही धरले पाहिजेत, हे या प्रवासाने स्पष्ट दाखवलं.

आणखी काय कळलं? चांगला वारा असताना हे जहाज १० नॉटच्या (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटरच्या) पुढे सहज जातं. उघड्या जहाजात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक चौरस मीटर जागा येते, तिथेच बसायचं, खायचं, पहारा नसेल तेव्हा ओल्या कपड्यांत झोपायचं. लाटेवर जहाजाचं अंग लांबीभर वाकतं आणि पिळवटतं, त्या हालचालीमुळेच ते तुटत नाही. वल्ह्यांनी लांब पल्ला मारणं हे चित्रपटातच शक्य आहे. वल्ही बंदरात शिरताना, चढाई करताना, वारा पडल्यावर थोडा वेळ. बाकी सगळं शिडावर.

डब्लिनच्या अंगणात ते का मांडलं, याचं उत्तर आता सरळ आहे. ९६५ वर्षांपूर्वी ज्या गावात ते बांधलं गेलं त्याच गावी त्याचं रूप परत आलं होतं. कॉलिन्स बॅरॅक्स ही पूर्वीची लष्करी वास्तू, आता आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा भाग. चारही बाजूंनी इमारती आणि मधे चौक. दारातून ३० मीटरचं जहाज आत जाणं अशक्य, म्हणून क्रेनने ते छतावरून उचलून चौकात उतरवलं. हिवाळा तिथे काढून २९ जून २००८ ला ते पुन्हा समुद्रात गेलं आणि इंग्लंडच्या दक्षिणेकडून वळसा घालत ९ ऑगस्टला रोस्किल्डला परतलं.

चौकात ठेवण्याविषयी माझ्या बाजूने थोडं सांगते, कारण बघणाऱ्यांच्या ते लक्षात येत नाही. जहाज पाण्यात असतं तेव्हा पाणी त्याला सगळीकडून सारखं उचलून धरतं. जमिनीवर आणलं की तेच वजन काही ठोकळ्यांवर येतं. लांब आणि सडपातळ जहाजाचा कणा दोन आधारांच्या मधे हळूहळू झोल खातो किंवा टोकं खाली लोंबतात. एकदा आलेला बाक पुरता जात नाही. म्हणून आधार जवळजवळ लावावे लागतात आणि कण्याबरोबर पोटालाही बाजूने टेकू द्यावा लागतो. दुसरा शत्रू कोरडी हवा. तापवलेल्या बंदिस्त दालनात फळ्या सुकतात, आकसतात, चढवलेल्या पट्ट्यांत फट पडते, खिळे सैल होतात. पुढे समुद्रात जायचं असेल तर असं जहाज बंद दालनापेक्षा उघड्यावर, दमट हवेत बरं. डब्लिनची पावसाळी थंडी त्याला मानवणारीच होती. कोकणात पावसाळ्यात होड्या शाकारून किनाऱ्यावर ठेवतात, लाकडाला माशाचं तेल चोपडतात, आणि परत पाण्यात घातल्यावर पहिले काही दिवस होडी पाणी घेते, मग लाकूड फुगून सांधे बसतात. तत्त्व तेच.

म्हणून संग्रहालयात प्रतिकृती बघाल तेव्हा आधी हे विचारा की ती पुन्हा तरंगणार आहे की कायमची कोरडी झाली आहे. दोन्हींत गैर काही नाही. रोस्किल्डमध्येच तिसऱ्या क्रमांकाच्या छोट्या मालवाहू जहाजावरून १९८२ ते १९८४ मध्ये ‘रोआर एगे’ बांधलं होतं. तीसेक वर्षं समुद्रात वापरून झिजल्यावर ते निवृत्त केलं आणि त्याच्या जागी तेच मूळ जहाज समोर ठेवून नवीन बांधलं. पहिल्या बांधणीपासून दुसऱ्यापर्यंत लाकूड कुठे कुजलं, खिळे कुठे झिजले, फळ्या कुठे फाटल्या हे सगळं आता माहीत आहे. मूळ जहाजावर ज्या जागी जुन्या दुरुस्त्या दिसतात त्यांच्याशी ते ताडून बघता येतं. एखादी प्रतिकृती म्हातारी होते, तीही मोलाची माहिती आहे.

आता अविश्वासाची बाजू, कारण तुमच्या शंकेत तथ्य आहे. नॉर्वेतलं ओसेबर्ग जहाज तुम्ही चित्रांत पाहिलं असेल. सापाच्या वेटोळ्यासारखी नाळ (जहाजाचं पुढचं टोक), अप्रतिम कोरीवकाम. ८३४ मध्ये दोन स्त्रियांसह ते मातीच्या ढिगाखाली पुरलं गेलं आणि १९०४ मध्ये खणून काढलं. ढिगाच्या भाराने ते चेपून हजारो तुकड्यांत विखुरलेलं होतं. ते तुकडे वाफेवर वाकवून जोडले आणि संग्रहालयात जहाज उभं राहिलं. १९८७ मध्ये त्या उभ्या जहाजाच्या मापांवरून प्रतिकृती बांधली. १९८८ मध्ये चाचणीत शिडावर वेग घेतला, नाळेपाशी पाणी चढलं आणि ते काही क्षणांत बुडालं. तेव्हापासून एक समज पसरला: ओसेबर्ग हे मिरवायचं जहाज, समुद्रात जाण्यासारखं नाही.

पण काही जणांना हे पटेना. एवढे कसबी कारागीर बुडणारं जहाज बांधतील? पुढे मूळ लाकडाचं लेझरने बारकाईने मापन झालं, प्रत्येक तुकडा नव्याने रेखाटला गेला आणि रोस्किल्डच्या विबेके बिशॉफ यांनी आकाराची पुन्हा जुळणी केली. निष्कर्ष असा निघाला की शंभर वर्षांपूर्वीच्या जोडणीत नाळेकडचा तळ मूळच्यापेक्षा अरुंद झाला होता. चूक नवव्या शतकातल्या सुतारांची नव्हती, विसाव्या शतकातल्या जोडणीची होती. सुधारलेल्या मापांवर नॉर्वेतल्या टॉन्सबर्गला नवं जहाज बांधलं, २०१२ मध्ये ते पाण्यात उतरलं आणि उत्तम चालतं. म्हणजे बघा, काचेआडचं ‘अस्सल’ जहाज आकाराने चुकलेलं होतं आणि ते ओळखायला एक प्रतिकृती बुडावी लागली. अस्सल आणि नक्कल ही विभागणी इथे कामाला येत नाही. लाकूड अस्सल, आकार मात्र माणसाने लावलेला, असं प्रत्येक जोडलेल्या जहाजाबाबत थोड्याफार प्रमाणात खरं असतं.

बाकी प्रसिद्ध प्रतिकृती नॉर्वेतल्याच गोक्स्टाड जहाजावरून झाल्या, कारण ते १८८० मध्ये बऱ्यापैकी पूर्ण सापडलं. त्यातली सर्वांत धाडसी १८९३ ची. कप्तान माग्नुस आंदेरसेन यांनी ‘व्हायकिंग’ नावाचं जहाज बांधवून घेतलं, एप्रिलअखेर नॉर्वेतल्या बर्गेनहून निघाले आणि चार आठवड्यांत न्यूफाउंडलंडला पोहोचले, तिथून नद्या-कालवे-सरोवरांतून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. जहाजाच्या वरच्या कडा लाटेत पंधरा सेंटिमीटरपर्यंत पिळवटायच्या आणि तरी पाणी आत येत नव्हतं, ही त्यांची नोंद आजही उद्धृत होते. बाजूला लावलेल्या सुकाणूबद्दल तज्ज्ञांना शंका होती, आंदेरसेन यांनी मात्र त्याची वाहवा केली. नंतर त्या जहाजाचे हाल झाले. दशकानुदशकं शिकागोच्या एका बागेत छपराखाली, मग इकडून तिकडे. आता इलिनॉयमधल्या जिनीव्हा गावात ते आहे. मूळ वस्तूला मिळतं तसं जतन प्रतिकृतीला क्वचितच मिळतं. ‘नवीनच आहे की’ म्हणून दुर्लक्ष होतं, आणि बघता बघता ते नवीन सव्वाशे वर्षांचं होऊन स्वतःच ऐतिहासिक ठरतं.

अमेरिकेतच मिनेसोटातल्या मूरहेडला ‘येमकोम्स्ट’ आहे. रॉबर्ट आस्प या शाळेतल्या समुपदेशकाने बटाट्याच्या जुन्या गोदामात ते बांधलं, १९८० मध्ये पाण्यात उतरवलं आणि त्याच वर्षाअखेर त्यांचं निधन झालं. १९८२ मध्ये त्यांची मुलं आणि इतर खलाशी ते अटलांटिकपार बर्गेनला घेऊन गेले. वादळात तळाच्या फळीला चारेक मीटरची चीर गेली, तरी पोहोचले. आता त्याच्याभोवती शिडाच्या आकाराच्या छताचं संग्रहालय उभं आहे. संशोधनाच्या दृष्टीने रोस्किल्डची शिस्त तिथे नाही, पण एका माणसाच्या ध्यासाची वस्तू म्हणून ती मला फार जवळची वाटते. आइसलंडचं ‘इस्लेन्डिंगुर’ २००० मध्ये न्यूयॉर्कपर्यंत गेलं, आता काचेच्या भिंती असलेल्या इमारतीत आहे आणि त्यावर चढता येतं. लहान मुलं सोबत असतील तर तेच बघा.

आपल्याकडे याचा थेट धागा आहे, म्हणून तेही सांगते. गोव्यात बांधलेलं आणि २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात दाखल झालेलं ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हे जहाज अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून केलेलं आहे. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारीत मस्कतला पोहोचलं. इथे अडचण रोस्किल्डपेक्षा मोठी होती. रोस्किल्डला चौथा हिस्सा लाकूड तरी हातात होतं, अजिंठ्याला फक्त भिंतीवरचं चित्र. चित्रकाराने पाण्याखालचा आकार दाखवलेला नाही, जाडी नाही, सांधे नाहीत. तो सगळा भाग किनारपट्टीवर टिकून असलेल्या शिवणकामाच्या परंपरेतून आणि आयआयटी मद्रासमध्ये झालेल्या जलचाचण्यांतून भरला. म्हणून ‘कौंडिण्य’कडे बघताना त्याला अजिंठ्याच्या जहाजाची हुबेहूब प्रत म्हणू नये. असं जहाज शिवून समुद्रात नेता येतं, हे त्याने दाखवलं, आणि ते फार मोठं आहे. त्या शिवणीचं मिठाच्या पाण्यात दहा वर्षांनी काय होतं, हे नोंदवत राहिलो तर त्याची किंमत आणखी वाढेल. माझी मनापासून इच्छा आहे की ते एखाद्या कोरड्या, वातानुकूलित दालनात सुकवून ठेवलं जाऊ नये.

पुढच्या वेळी जाल तेव्हा कुठल्याही प्रतिकृतीजवळ एवढं करा. फळीच्या अगदी जवळ जा आणि तंतू बघा. ते कडेला समांतर, टोकापर्यंत जात असतील तर लाकूड फोडून काढलंय, मधेच कडेतून बाहेर पडत असतील तर करवतलंय. पृष्ठभागावर उथळ, किंचित खोलगट घाव दिसतात का बघा, ते कुऱ्हाडीचे. आतल्या बाजूला चौकोनी चकत्या आहेत की कारखान्यातले नट-बोल्ट? नाळेवर ड्रॅगनचं डोकं असेल तर ते कशावरून केलं विचारा. रोस्किल्डच्या जहाजावर ते मुद्दाम लावलेलं नाही, कारण मूळ जहाजाबरोबर तसं काही सापडलं नाही. कडेला ढाली टांगलेल्या असतील तर लक्षात ठेवा की गोक्स्टाडमध्ये त्या पुरण्याच्या वेळी लावलेल्या होत्या, भर समुद्रात वल्ही मारताना कुणी त्या तिथे ठेवल्या असतील असं नाही. आणि मूळचं किती टक्के सापडलं हे पाटीवर लिहिलंय का ते वाचा. लिहिलं असेल तर त्या संग्रहालयावर निम्मा विश्वास तिथेच ठेवायला हरकत नाही.

रोस्किल्डला पुन्हा जाणार असाल तर क्रम उलटा लावा. आधी बाहेरची कार्यशाळा, जिथे सुतार प्रत्यक्ष फळ्या तासत असतात. त्यांना प्रश्न विचारलेले आवडतात. मग धक्क्यावरचं जहाज. मग आतले काळे तुकडे. या क्रमाने गेलं की त्या तुकड्यांतली भोकं, घाव, वळणं ओळखीची वाटायला लागतात. उन्हाळ्यात संग्रहालय पाहुण्यांना छोट्या पारंपरिक होड्यांतून खाडीत नेतं, वल्ही आपणच मारायची. जागा लवकर भरतात, मुलीला आधीच आरक्षण करायला सांगा.